जुळ्यांची आई

तायवोला आंघोळ घालताना कुणी घाई केलेली इयाबेजीला खपत नसे. आज तर केहिंदे दारातच येऊन उभा होता, अंगात पास्टरचा पांढरा झगा, हातात गाडीची किल्ली.

"आई, मंडळी नदीवर पोचली असतील."

"पोचू देत. नदी काही पळून जात नाही."

तायवो वीतभर लाकडाचा. जुळ्यांतलं एक मूल गेलं की त्याची अशी मूर्ती कोरून घ्यायची आणि राहिलेल्याच्या बरोबरीने तिला न्हाऊ-माखू घालायचं, ही ओसोग्बोतली जुनी रीत. गावात ती पाळणारी आता इयाबेजी एकटीच उरली होती. समोरच्या घरातल्या अल्हाजाबाईचा लाकडी मुलगा ती मक्केला जायच्या आधीच कुठेतरी नाहीसा झाला. मागच्या आळीतल्या दोघींनी आपापले चर्चच्या अंगणात जाळले आणि नंतर कित्येक दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. पूर्वी या सगळ्या आया आपापल्या लाकडी लेकरांना पाठीशी बांधून बाजारात एकत्र नाचायच्या. आता इयाबेजी जुळ्यांच्या नावाने चवळी शिजवायची, तर द्रोण पुढे करायला दारात कुणी येत नसे. तिला फार एकटं वाटे, आणि ते सांगायचं तर तायवोलाच.

इयाबेजी म्हणजे जुळ्यांची आई. एक पोर तान्हेपणीच गेलं, तरी गावाने तिचं हे नाव काढून घेतलं नव्हतं.

"संध्याकाळी चर्चमधले वडीलधारे येतील," केहिंदे म्हणाला. "तेव्हा हे त्यांना देऊन टाक."

"हे म्हणजे काय? नाव आहे त्याला."

"आई, लाकूड आहे ते."

"हो का? मग लाकडाच्या वाटची चवळी लहानपणी कोण खायचं रे? बोटं चाटूनपुसून?"

केहिंदेला हसू आलं, ते त्याने गिळलं. पास्टर जगाला तारतो आणि त्याची आई घरात लाकूड न्हाणते, असं चर्चमधल्या बायका कुजबुजत. ते त्याला ठाऊक होतं. पण त्याची झोप उडाली होती ती त्यामुळे नव्हे. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"उद्या तू गेलीस, आणि मग मीही आलो वर, तर तुला कुठे शोधू? मला तू तिथं हवी आहेस. दुसरं काही मागत नाही मी."

त्याचा आवाज चिरकला. लहानपणी ताप चढला की असाच चिरकायचा. तरी इयाबेजीचे हात थांबले नाहीत. तिने तायवोला कोरडं केलं, तांबडी पूड लावली. इतक्या वर्षांच्या धुण्यापुसण्याने त्याचं नाक झिजून जवळजवळ सपाट झालं होतं.

"हा तिथं आधीच गेलाय," ती म्हणाली. "जन्मतानाही तूच त्याला पुढे धाडलंस, जग कसं आहे ते बघून ये म्हणून. जुळ्यांत मागून येतो तोच थोरला, म्हणजे तू ना! आता तो तिकडे माझी वाट बघत बसला असेल. मी काय त्याला चुकवून दुसऱ्या दाराने आत जाऊ?"

केहिंदेला सगळं बायबल पाठ होतं. यावरचं वचन काही त्याला आठवेना.

"गाडीत थांबतो," म्हणून तो उठला.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा तिला ढगळ होत होता, आणि आज ती नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून चालत होती. त्याने गाडीचं दार उघडून धरलं.

"ठेवलंस त्याला?"

"ठेवलं."

कुठे, ते त्याने विचारलं नाही.

ओशुनचं पाणी संथ आणि गढूळ होतं. मूल व्हावं म्हणून इयाबेजीने एकेकाळी याच नदीला, याच देवीला नवस केला होता, आणि देवीने एक मागितलं तर दोन पदरात टाकली होती. आज तिच्या पाण्यात दुसऱ्या देवाचं काम होतं. नदीची काही तक्रार दिसली नाही.

काठावर मंडळी टाळ्या वाजवून गात होती. केहिंदे आईला कमरभर पाण्यात घेऊन गेला. एका हाताने त्याने तिच्या नाकावर रुमाल दाबला, दुसरा हात पाठीला आधार म्हणून मागे नेला.

"पित्याच्या, पुत्राच्या..." आणि तो थांबला.

झग्याखाली, दोन खांद्यांच्या मधोमध, हाताला काहीतरी टणक लागलं. बोटं आपोआप त्यावरून फिरली. गोल डोकं. बारीक मान. तान्हं बांधतात तसं फडक्याने घट्ट पाठीशी बांधलेलं.

गाणं संपलं. सगळे बघत राहिले.

"काय झालं, पास्टर?" काठावरून म्हाताऱ्या बाबा ओयेदेजींनी विचारलं.

केहिंदेने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. तिला एवढं भ्यालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"काही नाही," तो मोठ्याने म्हणाला. "पाय घसरला."

मग त्याने हात थोडा वर सरकवला, त्या लहानशा डोक्यामागे तळवा धरला आणि राहिलेले शब्द म्हणत तिला मागे झुकवू लागला.

"हळू," ती रुमालाआडून पुटपुटली. "त्याच्या नाकात पाणी जाईल."