जुईच्या घराची खूण

तोक्योत, फुनाबोरीच्या एका भारतीय शाळेत सिंधू अकरा वर्षं भिंतीवरच्या कापडी नकाशांवर भूगोल शिकवत होती. यंदा सहावीचा वर्ग नव्या शिक्षिकेकडे, यामिनीकडे गेला. तिनं मुलांना टॅबवरच्या एकाच नकाशात आपापल्या घरावर लाल खूण ठेवायला सांगितलं.

सिंधूची मुलगी जुई त्याच वर्गात होती. तिची खूण मात्र शाळेमागच्या त्यांच्या घरावर नव्हती. ती नदीपलीकडे ग्योतोकुला, यामिनीच्या इमारतीवर होती.

"मी बरोब्बर ठेवली होती, आई," जुई हसत म्हणाली. "पण मला आवडेल हं तिकडे राहायला. यामिनी मिस सॉलिड आहेत!"

सिंधूला ते हसणं झोंबलं. मधल्या सुट्टीत तिनं खूण ओढून आपल्या घरावर आणली. नकाशा रिफ्रेश केला, तर खूण ग्योतोकुला. तिनं परत आणली, ती परत गेली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिनं खूण घरावर आणून बोटाखाली दाबून धरली.

"माझी आहे ती," ती पुटपुटली.

तिनं बोट उचललं. खूण हलली नाही.

चौकातल्या भोंग्यावर रोजची संध्याकाळी पाचची धून वाजत असताना ती घरी पोचली. किल्ली कुलपात फिरेना, म्हणून तिनं बेल दाबली.

जुईनं दार उघडलं, अदबीनं वाकली आणि आत वळून म्हणाली, "आई, सिंधू मिस आल्यात."

"बसायला सांग त्यांना, आलेच," स्वयंपाकघरातून यामिनी म्हणाली.