काचेजवळचं टेबल

"हस," तो ओठ न हलवता म्हणाला. "बाहेर दोघं थांबलेत."

ती हसली. काचेबाहेरच्या जोडप्याने आत डोकावून पाहिलं, एकमेकांना खुणावलं आणि दार ढकललं.

"लागली टोपी," तो हळूच म्हणाला.

नव्या हॉटेलात सुरुवातीला काचेजवळची टेबलं रिकामी दिसून चालत नाही. शुकशुकाट बघून लोक पुढे निघून जातात. म्हणून मालक नीटनेटक्या कपड्यांतली जोडपी पैसे देऊन बसवतो. नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा ओळखीतून हे काम मिळालं होतं. दर शनिवारची संध्याकाळ. वाट्याला एक पेय आणि एक प्लेट. ती पुरवून पुरवून खायची, संपवायची नाही. आणि एकमेकांकडे बघत बोलत राहायचं.

शहरात ज्या जागांची चर्चा होती तिथे ती दोघं अशी बसून आली होती. झोपाळ्यांच्या खुर्च्यांचं कॅफे झालं, झाडं टांगलेला बार झाला. आज हे नवं. पेल्यातून धूर निघत होता आणि परातीएवढ्या प्लेटच्या मधोमध तीन घास होते.

"वाढणारा मध्येच उठून गेला वाटतं," तो म्हणाला.

आठवडाभर ती या शनिवारकडे डोळे लावून बसायची. खाण्यासाठी नव्हे. घरी त्यांचं बोलणं दूध, लंगोट आणि तापाच्या औषधावर येऊन ठेपलं होतं. इथे तो तिच्याकडे बघायचा. ते बघणं कामाचं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ते हवंहवंसं वाटायचं, आणि त्याचीच तिला लाज वाटायची.

तिने पुन्हा फोन पाहिला. बाळाजवळ नणंद होती. तिचा मेसेज आला होता, 'तुझी लेक मजेत आहे. तुझं नावसुद्धा काढत नाहीये. गिळा निवांत.'

ती मग आजूबाजूला बघू लागली. आज एकही खुर्ची रिकामी नव्हती. मालकाने बरीच माणसं आणून बसवलेली दिसत होती.

"त्या कोपऱ्यातल्या बाईला बघ. किती ओढूनताणून हसतेय."

"तिला राहू दे," तो म्हणाला. "तू पूर्वी भांडी आवरताना गुणगुणायचीस. बंद का केलंस?"

"बाळ उठतं."

"मी दाराआड उभा राहून ऐकायचो. तुला कळलं तर थांबशील म्हणून आत यायचो नाही."

तिने प्लेटमधला एक घास उगाच इकडून तिकडे सरकवला.

"मग हे घरी का नाही बोलत?"

"घरी तू ऐकतेस कुठे? तुझा एक कान पाळण्यात, दुसरा कुकरच्या शिट्टीकडे. माझ्यासाठी तिसरा कान कुठून आणू?"

या वेळी ती कुणी न सांगता हसली. त्याने टेबलावरून हात पुढे करून तिची बोटं धरली आणि सोडलीच नाहीत. तेवढ्यात तिची नजर काचेकडे गेली. बाहेर पुन्हा कुणीतरी थांबून आत बघत होतं. तिचं हसू जागच्या जागी विरलं. किती मन लावून काम करतो हा, तिच्या मनात आलं.

निघताना तो स्कूटर आणायला पुढे गेला. दाराशी मॅनेजर उभा होता. तिने आवाज शक्य तितका साधा ठेवत विचारलं, "पुढच्या शनिवारी कुठे बसायचं आम्ही?"

"अहो मॅडम, आता गरज नाही. आजची बहुतेक टेबलं खऱ्या गिऱ्हाइकांनी आधीच राखून ठेवली होती. मी दुपारीच तुमच्या मिस्टरांना फोन केला होता, आज काम नाही, येऊ नका म्हणून."

"मग आम्ही..."

मॅनेजर ओशाळून हसला.

"ते म्हणाले, ठरलेलं टेबल आमच्या नावाने ठेवा, बिल मी भरतो. फक्त बायकोला कळू देऊ नका, नाहीतर ती घरातून निघायचीच नाही."