आईंचा शेक

"यंत्राला गारवा आणि माणसाला शेक, ही कुठली तऱ्हा म्हणायची," सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या. एसीची हवा थेट त्यांच्या मानेवर येत होती. "जरा कमी कर म्हटलं, तर तो दारावरचा म्हणतो मशीन तापतं. आणि आम्ही इथं गोठतोय त्याचं काय?"

ती हसली. अंगावर दवाखान्याचा ढगळ गाऊन, त्यावर सासूबाईंनी जबरदस्तीनं टाकलेली आपली अर्धी शाल. पलीकडे नवरा तिची फाइल मांडीवर घेऊन बसला होता.

शेक हा त्याचाच शब्द. ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं आईला सांगितलं, छातीत गाठ होती, तेवढीच काढली, बाकी सगळं जागच्या जागी आहे. आता थोडे दिवस शेक द्यायला न्यायचं. खरं नाव घरात उच्चारायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. पण कुणी उच्चारलं नाही. बाकी नवरा लाखात एक. गोळ्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ. झोपेत धक्का लागू नये म्हणून दोघांच्या मधे उशी ठेवायचा. तिला अवघडायला नको म्हणून ती कपडे बदलायला लागली की खोलीबाहेर जायचा. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या.

आतून हाक आली. ती गेली आणि सवयीनं मशीनखालच्या फळीवर आडवी झाली. डावा हात डोक्यावर नेऊन आधाराला टेकवला, गाऊन बाजूला सारला. टेक्निशियन बाई एरवी काहीबाही बोलत शाईच्या खुणा जुळवायच्या आणि बाहेर जायच्या. मग स्पीकरवरून त्यांचा आवाज यायचा, श्वास घ्या, धरून ठेवा. आज त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"हे काय झालं?"

ती छताकडे बघत राहिली.

किरणांनी कातडी लाल होते, काळवंडते, हे तिला आधीच सांगून ठेवलेलं होतं. हा लाल पट्टा तसला नव्हता. त्याच्या कडेला पाण्यानं भरलेला फोड होता, आणि मधोमध रबरी पिशवीच्या उभ्या रेघा छापल्यासारख्या उमटल्या होत्या. बाईंनी गाऊन अलगद वर ओढला. "उठा. डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरांनी पडद्यामागे तपासलं आणि नवऱ्यालाही आत बोलावलं. त्याच्या मागोमाग सासूबाई न बोलावता आल्या.

"हे भाजलंय," डॉक्टर म्हणाल्या. "किरणांनी नाही, गरम कशानं तरी. हे भरेपर्यंत मला उपचार थांबवावे लागतील. असा मधेच खंड पडलेला चांगला नाही. ऑपरेशनात एखादी पेशी मागं राहिली असेल, तर ती मारायलाच हे सगळं चाललंय. आपण थांबलो म्हणून ती थांबत नाही. काय लावलं होतं?"

"काही लावलं नाही. शेक दिला, मी," सासूबाई पुढं सरकून म्हणाल्या. आवाजात थोडा तोराच होता. "तुमचा शेक तर चुटकीसरशी आटपतो. म्हणून दुपारी ही पडली की मी गरम पाण्याची पिशवी धरते. फडक्यात गुंडाळून, हो. घसरू नये म्हणून वर हात ठेवून बसते. तुम्ही ते शिंप्यानं खडू मारावा तशा खुणा करून दिल्यात ना, बरोब्बर त्यांच्या आत."



"आई," नवरा म्हणाला, "तो शेक म्हणजे तसला शेक नाही गं."

"मग कसला?"

तो फाइलीची दोरी सोडून परत बांधायला लागला.

"कसला रे?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, जरा वाट पाहिली, मग खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसल्या. "आजी, ती किरणं आहेत. कॅन्सरवरची."

सासूबाईंनी दोन्ही हात शालीत ओढून घेतले. बराच वेळ त्या सुनेकडे बघू शकल्या नाहीत. मग मुलाला म्हणाल्या, "तू शेक म्हणालास. मी शेक दिला."

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

डॉक्टर आता तिच्याकडे वळल्या. "त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गरम काही लावायचं नाही म्हणून. त्यांना थांबवलं का नाही?"

"तिला कळलंच नसेल, डॉक्टर," नवरा घाईनं म्हणाला. "ऑपरेशननंतर तिथं बधिर होतं म्हणतात. चटका लागलेला समजला नसेल."

"समजत होता," ती म्हणाली.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. शालीत लपलेल्या त्या हातांकडे बघत होती.

"ऑपरेशन झाल्यापासून यांनी तिथं एकदाही हात लावला नाही. आईंनी ठेवला. भाजतंय म्हणाले असते, तर त्यांनीही काढून घेतला असता."