पुन्हा बीपी

मेहकरच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात आज पुष्पांजली सिस्टर एकटीच होती. जोडीची नर्स रजेवर, खाटा मात्र सगळ्या भरलेल्या. त्यात कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाई थोड्या थोड्या वेळानं हाक मारायच्या, "सिस्टर, डोकं गरगर करून राह्यलं. बीपी पाह्य ना माय." दर वेळी ती हातातलं काम टाकून यायची, स्टूल ओढून बसायची, त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची. दर वेळी बीपी नॉर्मल.

दुपारी पुन्हा हाक आली, तेव्हा तिच्या टाचा ठणकत होत्या आणि जेवणाचा डबा अजून उघडलेला नव्हता.

"आजी, काऊन सारखं बलावता? तुमचा बीपी माह्याहून चांगला हाये!" वैतागून तिनं स्टूल पायानंच बाजूला सारलं आणि उभ्याउभ्या पट्टा बांधू लागली.

मनकर्णाबाईंनी हात मागं घेतला.

 

"उभ्यानं पाह्याचं असंन तं राहू दे माय. मले काई झालं नाई. सकाळपासून तू बसली ते माह्या बीपीपुरतीच."