पिवळी फीत

मुलांनो, जरा डोळे मिटा. सहलीची पाणबुडी समुद्रात उतरली आहे आणि तिच्या गोल काचेला नाक लावून जुईली बसली आहे. शेजारी तिचे कोळी आजोबा. “माझाच समुद्र बघायला तिकीट कसलं?” अशी त्यांची कुरकुर चाललीच आहे.

तेवढ्यात काचेबाहेर एक कासव दिसलं. ते तुटक्या जाळ्यात अडकून धडपडत होतं. जाळ्याला पिवळी फीत होती. नारळी पौर्णिमेला, आजोबांना भरपूर मासळी मिळावी म्हणून, जुईलीनंच आपल्या दोन फितींतली एक तिथे बांधली होती. पुढे जाळं खडकात अडकलं, तेव्हा आजोबांनी ते कापून सोडून दिलं होतं.

“काका, थांबा! सोडवा ना त्याला!”

“बाळा, पाणबुडीला हात कुठले?” चालक म्हणाला.

“आजोबा, तुम्ही तरी!”

उभ्या आयुष्यात वादळाला न भ्यालेल्या आजोबांनी मान खाली घातली. कासव मागे पडलं, दिसेनासं झालं.

पाणबुडी धक्क्याला लागताच जुईली तिथे उभ्या असलेल्या, पाठीवर हवेची टाकी बांधलेल्या एका पाणबुड्याकडे धावली. वेणीतली दुसरी फीत ओढून तिनं त्याच्या मनगटाला बांधली.

“अशीच फीत शोधा, कासव तिथंच आहे. जाळं आमचंच आहे.”