दुसऱ्याचा डाग

दुकानासाठी मागवलेल्या खुर्च्या कंटेनरमधून उतरल्या तेव्हा नवराबायकोला वाटलं, सुटलो. पण कंटेनरचा रिकामा डबा संध्याकाळच्या आत कंपनीच्या डेपोत परत पोचला नाही तर रोजचा दंड, आत डाग दिसला तर धुलाईचे पैसे वेगळे, हे एजंटने आत्ता फोनवर सांगितलं. “आधी का नाही बोललात?” बायकोने विचारलं. “तुम्ही भाडं विचारलंत, वहिनी. भाडं स्वस्तच होतं.” गल्ल्यात जागेच्या भाड्याचे दुकानमालकाला द्यायचे तेवढेच पैसे होते; ते गेले की दुकान गेलं. ती डब्यात गुडघ्यांवर बसून तळाच्या फळ्यांवरचा तेलाचा डाग घासत राहिली. “हा आपला नाहीच,” नवरा म्हणाला. “डबा घेताना फोटो काढलात?” तिने विचारलं. त्याने बादली तिच्याजवळ सरकवली. ट्रेलरचा ड्रायव्हर दारात घुटमळला. “ताई, राहू द्या. हे डाग कोणी धूत नाही. डेपोवाले पैसे घेतात आणि डबा तसाच पुढच्याला देतात.” तिचा घासणारा हात क्षणभर थांबला. “पाणी बदलून आणा,” ती नवऱ्याला म्हणाली.