व्हॅलेरियनचं बारसं

"दुसरं कुठलंही नाव दे, मी सांगते बाळाच्या कानात," मंजिरी म्हणाली. "व्हॅलेरियन नको."

शाल्मली पाळण्याला फुलांची माळ बांधत होती. नणंदेचं म्हणणं तिला अपेक्षितच होतं.

"का पण, ताई? एका रोमन बादशहाचं नाव आहे, आणि एका संताचंही. बादशहाने ख्रिस्ती लोकांना छळलं, संताने धर्मापायी जीव दिला. अर्थ दोघांचा एकच, बळकट."

"झोपेच्या औषधाची मुळीसुद्धा असते त्या नावाची."

"मग तर छानच. आम्हालाही झोप मिळेल."

मंजिरी हसली नाही. "आई काय म्हणेल? संताचं नाव, आपल्या घरात?"

"आईंना मी समजावते. मिहीरला मात्र सांगू नका हं. त्याला सरप्राइज आहे."

नाव मिहीरसाठीच निवडलं होतं. नोकरीपायी तो आठवड्यातले तीन दिवस कार्डिफला असायचा, मंजिरीकडे. गेल्या वर्षी शाल्मलीही गेली होती. तिथल्या एका चर्चमध्ये, रंगीत काचेवरच्या संताखाली ते नाव होतं. मिहीर त्या काचेपुढून हलेना. लग्नाला आठ वर्षं झाली, पण त्याचे डोळे असे भरून आलेले तिने कधी पाहिले नव्हते. अलीकडे तो घरी असूनही नसल्यासारखाच वागायचा. हे नाव ऐकून तरी तो जरा जवळ येईल, अशी तिला आशा होती.

लंडनमध्ये, घराजवळच्या पिनरच्या हॉलमध्ये पाहुणे जमले. पाळणा म्हणून झाला. मंजिरी बाळाच्या कानाशी वाकली, तशा बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या.

"आत्याबाई, आज सोडत नाही तुम्हाला," कुणीतरी म्हणालं. समोर मिहीर फोनवर व्हिडिओ घेत होता.

मंजिरीचे ओठ हललेच नाहीत.

शाल्मली तिच्याशेजारी वाकली. "ताई, सांगा ना. धर्म एवढा आड येतो का?"

"धर्माचं काही नाही गं." मंजिरी बाळाकडेच बघत पुटपुटली, "मिहीरच्या एका मुलाच्या कानात हे नाव मी आधीच सांगितलंय. यंदा नर्सरीत जायला लागला तो."